सांदणला निघण्याआधी

आम्हा वर्धेकरांची प्रवासाची तयारी उन्हापासून सुरू होते. डोक्याला दुपट्टा, खिशात कांदा, पाण्याचा मोठा कॅन. सांदण दरीचा बेत आखताना मात्र आधी विचार करावा लागला तो पाण्याचा, आणि तोही पिण्याच्या नव्हे.

अकोले तालुक्यातल्या साम्रद गावाजवळ जमीन फाटावी तशी ही घळ सुरू होते. लांबी दोनेक किलोमीटर, खोली काही ठिकाणी दोनशे फुटांहून जास्त. कुठे कुठे हात पसरले की दोन्ही कातळ हाताला लागतात. वरच्या अंगाचं पावसाचं पाणी याच फटीतून कोकणाकडे धावतं. म्हणून पावसाळ्यात इथे पाऊल टाकायचं नाही, आणि अवकाळीचं सावट असलं तरी नाही. अमेरिकेतल्या ॲरिझोनाच्या वाळवंटात अँटिलोप कॅन्यन नावाची अशीच एक घळ आहे, वालुकाश्मातली. १२ ऑगस्ट १९९७ला तिथे ११ जण लोंढ्यात सापडून गेले. पाऊस पडला होता तो लांब, वरच्या बाजूला. हे वाचल्यापासून मी डोक्यावरच्या आभाळावर विसंबत नाही.

जानेवारी ठरला. संध्याकाळी विदर्भ एक्सप्रेस, पहाटे इगतपुरी, तिथून जीपने घोटी, शेंडी करत साम्रद. गावातला वाटाड्या आणि एका घरचं जेवण आधीच सांगून ठेवलं. फोनवर पहिला प्रश्न विचारला, "दादा, दरीत पाणी किती?"

"दोन ठिकाणी. कमरेएवढं. लई गार हाय."

तेवढ्यावर सगळं सामान बदललं. खादी आमच्या जिल्ह्याचा अभिमान, पण भिजलेली खादी अंगावर लवकर वाळत नाही, जीन्स तर नाहीच. आणि दरीत ऊन पोचत नाही. तेव्हा पातळ ट्रॅकपँट, कोरडा जोड प्लास्टिकच्या दोन पिशव्यांत बांधून. दुपट्ट्याऐवजी हेल्मेट, कारण वर कड्यावर माकडं नुसती फिरली तरी दगड सुटतात.

खरा वाद झाला तो परतीच्या वेळेवरून. घळ संपते तिथे सरळ कडा तुटतो. पुढे दोराशिवाय उतरता येत नाही. त्या टोकावरून कोकण दिसतं, म्हणून सगळ्यांना तिथवर जायचं होतं. मी मात्र हट्टाने म्हणालो, बारा वाजले की असू तिथून मागे. पूर्वी एका ओढ्यात मित्राचा पाय मुरगळला होता. तासाभराच्या वाटेला आम्हाला तीन तास लागले, तेही अंधारात. सांदणमध्ये तर येताना सगळी चढण, एकेक धोंडा माणसाहून मोठा.

बारा वाजले तेव्हा ऊन भिंतीच्या वरच्या अंगालाच अडकलेलं होतं. "कडा वीस मिनटांवर हाय," वाटाड्या म्हणाला. कोणी काही बोललं नाही. आम्ही वळलो.

साम्रदला पोचलो तेव्हा तीन वाजत आले होते. चुलीवरच्या तव्यावरून तांदळाच्या भाकरी उतरत होत्या.