डबी उघडण्याआधी

ईदला भंडाऱ्याच्या घरी भाचीने मोबाईलवरून मागवलेली परदेशी क्रीम आली. निम्म्या किमतीत! डबी देखणी, पण ना बॅच क्रमांक, ना आयातदाराचा पत्ता. "मामू, चेहरा उजळतो म्हणे."

मला अकोला आठवलं. २०२३च्या सुरुवातीची बातमी : गोरेपणाच्या क्रीमने तिथल्या एका घरातल्या तिघींना मूत्रपिंडाचा आजार जडला. क्रीममध्ये पारा निघाला. तीही गावातच घेतलेली. आपली तर कुठून आली कोण जाणे! पारा त्वचेत रंगद्रव्य बनू देत नाही, म्हणून चेहरा उजळतो; तोच कातडीतून रक्तात, मूत्रपिंडात उतरतो.

२०२०च्या नियमांप्रमाणे परदेशी प्रसाधनावर नोंदणी क्रमांक आणि आयातदाराचं नाव-पत्ता हवाच. नसेल तर डबी उघडू नये, फोटो काढून १९१५ या ग्राहक हेल्पलाइनवर कळवावं.

भाचीने डबी परत पाठवली. पैसे अजून यायचेत.