अकोटच्या काट्यावर न्यूयॉर्क

“अमेरिकेनं टॅरिफ लावला, आता आपल्या कापसाले कोन इचारते भाऊ?” अकोल्याच्या टपरीवर कुणी काकाजी असं म्हणतात. शेजारचा चहा फुंकत उत्तर देतो, “तसं नाई बा काकाजी, डॉलर कुठी गेला ते पाहा न!” मग डॉलरवरून पामतेल, पामतेलावरून सरकी, सरकीवरून म्हशीचं दूध, आणि तिथून थेट दिल्लीचं सरकार. पाहुण्या माणसाला वाटतं, वेळ घालवायला बसलेत. पण या गप्पांमधला एकेक दुवा तपासायला घेतला की अंगावर काटा येतो, कारण ते दुवे बहुतेक खरे निघतात. इंडोनेशियातल्या एका हुकमाचा अकोला जिल्ह्यातल्या दहीहंड्याच्या शेतातल्या बोंडाशी काय संबंध, हे या मंडळींना ठाऊक असतं, आणि तो संबंध रुपया-पैशात मोजता येतो.

मोजूनच पाहू. एक क्विंटल कापूस जिनिंगवर, म्हणजे सरकी वेगळी काढणाऱ्या कारखान्यात, आला. ग्रेडर गंजीच्या वरचा कापूस घेत नाही. हात कोपरापर्यंत आत खुपसून मूठ काढतो, दोन्ही अंगठ्यांच्या चिमटीत धागा ताणतो, त्याची लांबी नजरेनं जोखतो. मग ओलावा मोजणारं यंत्र ढिगात घालतो. सीसीआयच्या, म्हणजे भारतीय कापूस महामंडळाच्या केंद्रावर ८ टक्के ओलाव्यापर्यंत पूर्ण भाव, त्यापुढे १२ टक्क्यांपर्यंत कपात, आणि त्याहून ओला असेल तर गाडी परत. पहाटेच्या दवात वेचलेला कापूस आणि दुपारच्या उन्हात वेचलेला कापूस यांतला फरक इथे पैशात दिसतो.

त्या क्विंटलातून रुई निघते साधारण ३४ किलो आणि सरकी ६४ किलोच्या आसपास, उरलेली घट. म्हणजे आपण ज्याला कापूस म्हणतो त्यात वजनानं दोन तृतीयांश बी असतं. या दोघींचे बाजार निराळे, गिऱ्हाइकं निराळी, त्यांना हलवणारे देशही निराळे.

आधी रुई. तिचा सौदा खंडीवर होतो, खंडी म्हणजे ३५६ किलो. न्यूयॉर्कच्या वायदे बाजारात तीच रुई पाउंडाला इतके सेंट अशी बोलली जाते. ७० सेंटचा भाव आणि ८७ रुपयांचा डॉलर धरला, तर खंडी पडते साधारण ४७,८०० रुपयांना. आता न्यूयॉर्कचा भाव जागचा हलला नाही, फक्त डॉलर एक रुपयानं महागला असं समजा. खंडी साडेपाचशे रुपयांनी वर जाते, आणि त्या हिशेबानं शेतकऱ्याच्या एका क्विंटल कापसात बावन्न रुपयांची भर पडते. वीस क्विंटल कापूस घरात असलेल्या माणसाला डॉलरचा एक रुपया म्हणजे हजार रुपये. वाहतूक, प्रत, जकात यांनी हा आकडा प्रत्यक्षात कमीजास्त होतो, पण टपरीवरच्या माणसानं डॉलरचं नाव का काढलं ते इथे कळतं.

आता सरकी. समजा रुई ५५ हजार रुपये खंडी आहे आणि सरकी साडेतीन हजार रुपये क्विंटल. मग आपल्या क्विंटलातली रुई झाली ५,२५३ रुपयांची आणि सरकी २,२४० रुपयांची. कापसाच्या किमतीतला जवळजवळ तीस टक्के वाटा बियांचा! सरकी क्विंटलमागे पाचशेनं वाढली तर न्यूयॉर्क झोपलेलं असतानाही कापूस तीनशेवीस रुपयांनी उचलला जातो. सरकी दाबली की तेल निघतं आणि ढेप उरते. तेलाचा भाव पामतेलाच्या मागे चालतो. २०२२ च्या एप्रिलअखेर इंडोनेशियानं पामतेलाची निर्यात थांबवली तेव्हा देशभर खाद्यतेल भडकलं. ढेप जाते गाई-म्हशींच्या दावणीत. म्हणजे एकाच बोंडाच्या एका टोकाला तिरुपूरचा शर्ट शिवणारा कारखाना आणि दुसऱ्या टोकाला दुधाचा रतीब.

आणि इथे अकोल्याची एक गोष्ट सांगायलाच हवी, जी खुद्द अकोल्यातल्या पुष्कळांना माहीत नसते. एनसीडीईएक्स या वायदे बाजारात सरकी ढेपेचा जो सौदा चालतो, त्याचं आधार केंद्र अकोला आहे. सौद्याच्या संकेतनावातली शेवटची तीन अक्षरंही अकोल्याची. गुजरातेतला तेलगिरणीवाला किंवा पंजाबातला पशुखाद्याचा व्यापारी ढेपेचा वायदा पाहतो तेव्हा तो अकोल्याच्या गोदामात पोचलेल्या मालाचा भाव पाहत असतो. रुईचा भाव अकोला न्यूयॉर्ककडून ऐकतं. ढेपेचा भाव देश अकोल्याकडून ऐकतो. मला हे फार मोठं वाटतं. शहराच्या वेशीवर पाटी लावावी इतकं मोठं.

जगाशी हा सांधा जुळला कसा? १८६१ साली अमेरिकेत यादवी युद्ध पेटलं. उत्तरेच्या आरमारानं दक्षिणेची बंदरं अडवली आणि लँकेशायरच्या गिरण्यांचा कापूस तुटला. त्यांची नजर हिंदुस्थानाकडे वळली, आणि हिंदुस्थानात वऱ्हाडच्या काळ्या जमिनीकडे; ती १८५३ मध्येच निजामाकडून इंग्रजांच्या ताब्यात आलेली होती. मुंबईत पैशाचा पूर आला, शेअरांचं वेड लागलं, आणि १८६५ मध्ये युद्ध थांबताच सगळं कोसळलं. वऱ्हाडात मात्र रेल्वे येत राहिली. १८६७ मध्ये गाडी अकोला ओलांडून नागपूरला पोचली. १८७० साली जलंब ते खामगाव हा अवघा तेरा-एक किलोमीटरचा फाटा उघडायला स्वतः व्हाइसरॉय लॉर्ड मेयो आला. तेरा किलोमीटरच्या रुळांसाठी व्हाइसरॉय! पण खामगाव तेव्हा देशातल्या सर्वांत मोठ्या कापूस बाजारांत गणलं जात होतं. त्याच १८७० साली सुएझहून मुंबईला समुद्राखालची तार आली, आणि त्याच वर्षी न्यूयॉर्कचा कापूस बाजार स्थापन झाला. रूळ, तार आणि बाजार एकाच वर्षात. कुणी ठरवून केलं नव्हतं, तरी त्या एका वर्षानं वऱ्हाडचा शेतकरी जगाच्या भावाला बांधला गेला. तेजी आली तशी मंदीही याच वाटेनं येऊ लागली. ज्वारीची जमीन कापसानं व्यापली आणि १८९९-१९०० च्या दुष्काळात वऱ्हाडनं त्याची भयंकर किंमत मोजली.

मूर्तिजापूरच्या शकुंतलेकडेही याच नजरेनं पाहावं. यवतमाळ-मूर्तिजापूर-अचलपूर ही अरुंद रुळांची गाडी किलिक निक्सन कंपनीनं कापूस वाहून नेण्यासाठी घातलेली. तिचं वाफेचं इंजिन १९२१ साली मँचेस्टरला बनलं आणि १९९४ पर्यंत धावलं. ज्या शहराच्या गिरण्यांनी वऱ्हाडचा कापूस मागितला, त्याच शहरानं तो ओढायला इंजिन धाडलं.

न्यूयॉर्कचा आकडा मुंबईत पोचू लागला आणि त्याला आणखी एक फांदी फुटली. कापसाचा भाव उघडताना किती, बंद होताना किती, यावर मुंबईत लोक पैज लावू लागले. यात कापूस घ्यायचा नाही, विकायचा नाही. नुसता आकडा ओळखायचा. १९६१ मध्ये न्यूयॉर्कहून हे भाव येणं थांबलं. जुगार थांबला नाही. कल्याणजी भगत आणि मग रतन खत्री यांनी आकडे मुंबईतच काढायला सुरुवात केली, चिठ्ठ्या मडक्यात टाकून, पुढे पत्त्यांवरून, आणि त्याला नाव पडलं मटका. ‘ओपन’ आणि ‘क्लोज’ तेच राहिले. १९७५ च्या ‘धर्मात्मा’ सिनेमातलं प्रेमनाथचं पात्र रतन खत्रीवरून बेतलं होतं, असं सर्रास सांगितलं जातं. आपल्या पऱ्हाटीचा भाव असा सिनेमाच्या पडद्यापर्यंत गेला. कित्येक गरीब घरं या आकड्यानं धुळीला मिळाली, हेही तितकंच खरं.

पण या सगळ्यात मला सर्वांत थक्क करणारी गोष्ट वेगळी आहे. टपरीवरची मतं भावाचा नुसता अंदाज बांधत नाहीत, ती भाव घडवतात. २०२१-२२ च्या हंगामात लांब धाग्याच्या कापसाचा हमीभाव होता क्विंटलला ६,०२५ रुपये. न्यूयॉर्कला भाव चढत चढत मे २०२२ मध्ये पाउंडाला दीड डॉलरच्या वर गेला आणि अकोटच्या बाजारात कापूस १२ हजारांच्या पुढे विकला गेला. ज्यांनी कापूस घरात ठेवला ते जिंकले. ही आठवण गावागावात पोचली. पुढच्या वर्षी दिवाळीनंतर ९ हजारांच्या आसपास भाव असताना लोकांचं एकच मत झालं, थांबायचं. बाजारात आवक आली नाही. जिनिंग रिकामे राहिले. माजघरात, ओसरीवर, झोपायच्या खोलीत छतापर्यंत कापूस भरला. लेकराबाळांच्या अंगाला खाज सुटली तरी कुणी विकेना. कापूस बाजारात येत नाही म्हणून काही काळ भाव टिकलाही. पण जगात सूत खपत नव्हतं. उन्हाळ्यात भाव ७ हजारांकडे घसरला आणि सगळ्यांचा कापूस एकदमच बाहेर पडला. हजारो ओसऱ्यांवरचं मत एक झालं आणि बाजार अडला. तेच मत एकाच महिन्यात बदललं आणि बाजार बुडाला. यात कुणी मूर्ख नव्हतं. मागच्या वर्षीचा अनुभव हाताशी असताना वेगळं वागणं कठीणच होतं.

म्हणून २०२५ च्या ऑगस्टमधली टपरीवरची तावातावाची चर्चा मी मन लावून ऐकली. अमेरिकेनं २७ ऑगस्टपासून बहुतेक भारतीय मालावर एकूण ५० टक्के शुल्क लावलं. आपली रुई थेट अमेरिकेला फारशी जात नाही, जातात कपडे. कपड्यांची मागणी घटली की सूतगिरणीची रुई घटते आणि मग जिनिंगची. पण अकोल्यात त्याहून जास्त राग होता १९ ऑगस्टपासून लागू झालेल्या निर्णयावर. केंद्रानं बाहेरून येणाऱ्या कापसावरचं ११ टक्के शुल्क आधी ३० सप्टेंबरपर्यंत आणि मग ३१ डिसेंबरपर्यंत माफ केलं. कापडवाल्यांना स्वस्त रुई हवी होती, त्यांची अडचण खोटी नव्हती. मात्र तारखा पाहा. दसऱ्याच्या सुमाराला पहिली वेचणी येते. वेचणारीची मजुरी तेव्हा किलोमागे दहा रुपयांच्या आसपास, म्हणजे क्विंटलाला हजार, आणि ती रोख द्यावी लागते. हरभऱ्याचं बी घ्यायचं असतं, दिवाळी असते, दुकानदाराची औषधाची उधारी असते. लहान शेतकरी कापूस विकतो तो नेमका दिवाळी ते डिसेंबरमध्ये. शुल्कमाफीचा काळ आणि त्याच्या विक्रीचा काळ एकावर एक बसले. लांब धाग्याचा हमीभाव ८,११० रुपये जाहीर झालेला, आणि खुल्या बाजारातला भाव त्याच्या खाली. ज्याच्याकडे थांबण्याइतका पैसा आणि ठेवायला कोरडी खोली आहे तो जानेवारीनंतरच्या बाजाराची वाट पाहू शकला. ज्याच्याकडे नाही, त्यानं सीसीआयच्या केंद्रावर नोंदणी करून नंबराची वाट पाहिली, नाहीतर पडत्या भावात व्यापाऱ्याला माल दिला, चुकारा खिशात घातला आणि त्याच दिवशी हरभऱ्याचं बी आणलं.