शुगर आणि न दुखणारं हृदय

इंदुरात रात्री अकराच्या सुमाराला छातीत जळजळलं की आरोपी ठरलेला असतो: सराफ्यात उभ्या उभ्या खाल्लेले गराडू, नाहीतर भुट्ट्याचा कीस. माणूस सोडा पितो, चार फेऱ्या मारतो आणि झोपतो. बहुतेक वेळा ते खरंच पित्त असतं. पण ज्याला दहा-पंधरा वर्षं शुगर आहे, त्याने हा निकाल घरच्या घरी लावू नये. आयसीएमआरच्या २०२३ साली प्रसिद्ध झालेल्या पाहणीनुसार देशात १०.१ कोटी लोकांना मधुमेह आहे. त्यांच्या हृदयाबद्दल दोन टोकांचे गैरसमज चालतात. एक म्हणजे काही दुखत नाही तर तपासायचं कशाला, आणि दुसरा म्हणजे सगळ्या महागड्या तपासण्या एकदाच उरकून टाकाव्यात.

गैरसमज: छातीत कळ नाही, म्हणजे हृदय ठीक

मधुमेहाने पायाच्या नसा बधिर होतात, चप्पल पायातून निसटली तरी कळत नाही, हे आपल्याकडे आता बऱ्याच जणांना ठाऊक आहे. हृदयाकडून वेदनेचा निरोप नेणाऱ्या नसांचंही तसंच होऊ शकतं. रक्तपुरवठा तुटतो, स्नायूचा तुकडा मरतो, आणि माणूस दुसऱ्या दिवशी नेहमीसारखा दुकान उघडतो.

हे किती वेळा होतं? आइसलँडमध्ये ६७ ते ९३ वयाच्या ९३६ जणांच्या हृदयाचा एमआरआय केला गेला. त्याचे निष्कर्ष २०१२ साली प्रसिद्ध झाले. येऊन गेलेल्या पण कोणालाच न कळलेल्या झटक्याचा व्रण १७ टक्के लोकांत दिसला, मधुमेहींमध्ये २१ टक्के. ईसीजीवर मात्र असे झटके जेमतेम ५ टक्के लोकांत सापडले होते.

दुखत नसलं तरी हृदय दुसऱ्या वाटेने तक्रार करतं. देवासच्या टेकडीवर गेल्या वर्षी एका दमात चढणारा माणूस यंदा तीनदा टेकतो. जेवण झाल्यावर चालताना जबडा किंवा डावा खांदा जड होतो. काही कारण नसताना थकवा येतो, घाम फुटतो. बायकांच्या बाबतीत याला ‘वय झालं’, ‘घरातली दगदग’ म्हणून मोडीत काढण्याची आपली सवय तर फारच जुनी.

गैरसमज: ईसीजी आणि इको नॉर्मल आला, आता काय बघायचं?

दोन्ही तपासण्या होतात तेव्हा आपण निवांत पडलेलो असतो. रक्तवाहिनी बरीच अरुंद झालेली असली तरी आराम करणाऱ्या हृदयाला तेवढं रक्त पुरतं. चणचण भासते ती मेहनत करताना. तिचा क्रमही ठरलेला आहे. आधी स्नायूच्या त्या भागात रक्त कमी पोचतं, मग तो भाग नीट आकुंचन पावेनासा होतो, त्यानंतर ईसीजीची रेघ बदलते आणि दुखणं सगळ्यात शेवटी. ज्याच्या नसा बधिर त्याच्याकडे ही शेवटची पायरी येतच नाही. म्हणून त्याआधीच्या पायऱ्या दाखवणारी प्रतिमा कामाची ठरते.

थॅलियम तपासणी पहिली पायरी पकडते. पट्ट्यावर चालवून, किंवा गुडघे साथ देत नसतील तर औषध टोचून, हृदयाला कामाला लावतात. मग शिरेतून अत्यल्प किरणोत्सारी द्रव्य देतात. आता बहुतेक ठिकाणी ते टेक्नेशियम असतं, पण नाव थॅलियमच राहिलं आहे. कॅमेरा छातीभोवती फिरतो आणि जिथे रक्त कमी पोचलं तिथे चित्रात फिकट चट्टा दिसतो. आरामातल्या चित्रात तो चट्टा भरून आला तर स्नायू जिवंत आहे पण उपाशी आहे. नाही भरला तर तिथे बहुधा व्रण आहे. स्ट्रेस इको दुसरी पायरी दाखवतो. पट्ट्यावर चालवून करायची साधी टीएमटी मुख्यतः ईसीजीच्या भरवशावर असते, त्यामुळे ती नॉर्मल आली तरी पुरती हमी नाही.

गैरसमज: शुगर आहे ना, मग सगळ्यांचीच सीटी अँजिओ करून टाकावी

इंदूरच्या एमवाय रुग्णालयाच्या ओपीडीतली चिठ्ठी असो की पलासियातल्या खासगी केंद्राचं ‘संपूर्ण हृदय पॅकेज’, हा प्रश्न विचारलाच पाहिजे: या तपासणीमुळे माझ्या उपचारात काय बदलणार? कारण सरसकट तपासणीची परीक्षा होऊन गेली आहे, आणि निकाल पॅकेजवाल्यांच्या सोयीचा नाही. अमेरिका-कॅनडातल्या डायॅड अभ्यासात, जो २००९ साली प्रसिद्ध झाला, लक्षणं नसलेले ११२३ मधुमेही होते. निम्म्यांची थॅलियमसारखी तपासणी केली, निम्म्यांची नाही. तपासलेल्यांपैकी २२ टक्के लोकांत दोष सापडला. तरीही सुमारे पाच वर्षांत झटका किंवा हृदयविकाराने मृत्यू तपासलेल्या गटात २.७ टक्के, न तपासलेल्यात ३ टक्के. फरक नसल्यात जमा. २०१४ च्या फॅक्टर-६४ अभ्यासात ९०० मधुमेहींवर सीटी अँजिओग्राफीची हीच कसोटी लावली, तिथेही ठोस फायदा सिद्ध झाला नाही.

याचं मोठं कारण म्हणजे औषधं दोन्ही गटांना चांगली मिळत होती. आणि ब्लॉकेज दिसलं की स्टेंट टाकून आयुष्य वाढतंच, हे स्थिर आजारात खरं नाही. पाच हजारांवर रुग्णांच्या इस्केमिया अभ्यासात (२०२०) आधी औषधं दिलेल्यांच्या तुलनेत आधी अँजिओग्राफी-स्टेंट-बायपासची वाट धरलेल्यांचे मृत्यू कमी झाले नाहीत. दुखणं असलेल्यांचं दुखणं मात्र कमी झालं. बरेच झटके अर्ध्याहून कमी अडथळा असलेल्या जागी चरबीचा थर फुटून येतात, तिथे स्टेंट टाकायचा तरी कुठे?

म्हणून प्रतिमा हवी ती निवडक लोकांना. ज्यांना नव्याने दम लागतो, ईसीजीवर जुन्या झटक्याच्या खुणा आहेत, चालताना पोटऱ्या भरून येतात, पक्षाघाताचा लहानसा झटका येऊन गेला आहे, त्यांनी टाळाटाळ करू नये. सीटी अँजिओ म्हणजे शिरेतून रंगद्रव्य देऊन काढलेलं रक्तवाहिन्यांचं चित्र; तिच्या आधी रक्तातलं क्रिएटिनिन पाहायला हवं आणि शुगरसाठी मेटफॉर्मिन चालू असल्यास ते सांगायला हवं, कारण रंगद्रव्याचा मूत्रपिंडाशी संबंध येतो.

गैरसमज: कॅल्शियम स्कोअर शून्य, म्हणजे सुटलो

ही तपासणी सगळ्यात सोपी. छातीवर ईसीजीच्या पट्ट्या, दहा-एक सेकंद श्वास रोखायचा, सुई नाही, रंगद्रव्य नाही, किरणोत्सर्ग साधारण १ मिलिसिव्हर्ट. रक्तवाहिन्यांच्या भिंतीत साचलेला चुना मोजला जातो. ४०० च्या वर आकडा म्हणजे धोका भरपूर. शून्य म्हणजे पुढच्या काही वर्षांचा धोका बराच कमी, पण मऊ चरबीचा थर यात दिसत नाही, आणि अडथळा किती आहे हेही कळत नाही. चाळिशीच्या आतल्या मधुमेहीला या शून्यावर फार विसंबता येत नाही.

या आकड्याचा खाण्यातल्या कॅल्शियमशी संबंध नाही. दूध सोडू नका.

माझ्या मते आकड्याचा खरा उपयोग टाळलेली गोळी सुरू करण्यासाठी होतो. कोलेस्टेरॉल कमी करणाऱ्या स्टॅटिनची टाळाटाळ करणाऱ्याला स्वतःच्या रक्तवाहिनीतला पांढरा ठिपका पडद्यावर दिसला की वाद संपतो. खरं तर चाळिशीपुढच्या मधुमेहीला त्यासाठी ठिपक्याची वाट पाहायची गरज नसते. २००४ च्या कार्ड्स अभ्यासात हृदयविकार नसलेल्या २८३८ मधुमेहींपैकी निम्म्यांना रोज १० मिलिग्रॅम ॲटोरव्हास्टॅटिन दिलं, तर झटका-पक्षाघातासारख्या मोठ्या घटना ३७ टक्क्यांनी घटल्या. फायदा इतका स्पष्ट होता की अभ्यास दोन वर्षं आधीच थांबवला.

आणि रात्रीच्या त्या जळजळीबद्दल. सोबत घाम, दम, मळमळ किंवा विनाकारण घाबरल्यासारखं होत असेल तर सोडा पीत बसू नये. स्वतः गाडी न चालवता १०८ ला फोन करावा आणि पोचताच शुगर किती वर्षांपासून आहे ते सांगावं. पहिला ईसीजी ठीक निघाला तरी लगेच घरी जायची घाई नको. काही वेळाने तो पुन्हा काढतात आणि ट्रोपोनिनची रक्ततपासणीही करतात.