वैचारिक ग्रंथ आणि श्रद्धावंताचे वाचन

कोल्हापूरचे करवीर नगर वाचन मंदिर १८५० पासून वाचकांची सेवा करीत आहे. समाज, राजकारण, तत्त्वज्ञान, विज्ञान व धर्म या विषयांवरील मराठी ग्रंथ अशा ग्रंथालयांत सहज मिळतात. तथापि श्रद्धेला तडा जाईल या भीतीने आपले काही बांधव त्यांपासून दूर राहतात. ही भीती कितपत योग्य आहे, याचा आपण विचार करू या.

ख्रिस्तसभेने १५५९ मध्ये रोम येथे निषिद्ध ग्रंथांची सूची प्रसिद्ध केली होती, हे खरे आहे. परंतु दुसऱ्या व्हॅटिकन परिषदेनंतर, १९६६ मध्ये, त्या सूचीचे कायदेशीर बंधन संपुष्टात आले. कोणते वाचन श्रद्धेला व नीतीला घातक आहे, हे पारखण्याचे कर्तव्य मात्र कायम राहिले. ते आता प्रत्येकाच्या सद्सद्विवेकबुद्धीचे आहे. पोप जॉन पॉल दुसरे यांनी १९९८ च्या आपल्या परिपत्रात श्रद्धा आणि बुद्धी परस्परांना पूरक असल्याचे विशद केले. विश्व प्रसरण पावत आहे, हे १९२७ मध्ये मांडणारे बेल्जियमचे जॉर्ज लमेत्र हे तर कॅथोलिक धर्मगुरूच होते.

मग असे ग्रंथ वाचावेत कसे? प्रथम लेखकाचे म्हणणे प्रामाणिकपणे समजून घ्यावे. नंतर त्यातील पुरावा कोणता व मत कोणते, हे वेगळे करावे. लेखक आपल्या शास्त्राची मर्यादा ओलांडून निष्कर्ष काढीत आहे काय, हेही पाहावे. शेवटी पवित्र शास्त्र व ख्रिस्तसभेची शिकवण यांच्या प्रकाशात त्याचा विचार करावा. कामगारांच्या प्रश्नावरील ग्रंथ वाचताना पोप लिओ तेरावे यांचे १८९१ चे परिपत्र जवळ असावे.

‘शिवाजी कोण होता?’ या पुस्तकाचे लेखक कॉम्रेड गोविंद पानसरे यांच्यावर १६ फेब्रुवारी २०१५ रोजी कोल्हापुरात गोळ्या झाडण्यात आल्या आणि चार दिवसांनी त्यांचे निधन झाले. ते मार्क्सवादी होते. त्यांची सर्वच मते आपणांस मान्य होणार नाहीत. परंतु न पटणाऱ्या विचाराला विचारानेच उत्तर द्यावयाचे असते, आणि न वाचता ते देता येत नाही.

आपली मुले महाविद्यालयातून प्रश्न घेऊन घरी येतात. त्यांना गप्प बसविले, तर ती उत्तरे अन्यत्र शोधतील. त्यांच्यासोबत आपणही वाचावे. पूर्ण मनाने देवावर प्रीती करण्याच्या प्रभूच्या आज्ञेत आपली बुद्धीही येतेच.