पाटीवर सॉफ्टवेअर नाही

शाहू महाराजांनी वडिलांच्या, जयसिंगराव घाटगे यांच्या नावानं वसवलेलं जयसिंगपूर ही मुळातच बाजारपेठ. दुकान कुठं आहे हे सांगायला इथं गल्लीचा नंबर पुरतो. अशाच एका गल्लीत जिन्यापाशी पाटी दिसली: ‘ऊस वाहतूकदारांच्या उचलीचा हिशेब.’ वर सॉफ्टवेअर तयार करणाऱ्या पोरांचं ऑफिस होतं. पाटीवर मात्र सॉफ्टवेअर, अ‍ॅप असा एकही शब्द नव्हता. आपला माल कोणत्या नावानं ओळखला जावा, याचा एवढा विचार या लोकांनी का केला असेल, हे पाहायला मी जिना चढलो.

हंगामात या भागात दोन-दोन ट्रॉल्या ओढणारे ट्रॅक्टर दिवसरात्र धावतात. प्रत्येक ट्रॅक्टरमागे कारखान्याशी झालेला तोडणी-वाहतुकीचा करार असतो. वाहनमालक हंगामाआधी मुकादमाला उचल म्हणजे आगाऊ पैसे देतो, मुकादम बीडकडून ऊसतोड मजुरांची टोळी आणतो. टोळी कोयत्यांत मोजतात. नवरा-बायको मिळून एक कोयता. टोळी आली की टनामागच्या मजुरीतून उचल फिटत जाते. ती आलीच नाही, किंवा मुकादमानं दोन मालकांकडून पैसे उचलले, तर मालकाच्या हाती नुसता स्टँपपेपर उरतो. कोल्हापूर-सांगलीत अशा फसवणुकीच्या तक्रारी पोलिसांत जातच असतात.

मी गेलो तेव्हा शिरोळकडचे एक वाहनमालक बसले होते. मांडीवर कॅरीबॅग. “सात लाख गेलं,” एवढंच त्यांनी सांगितलं. समोर बसलेल्या ऑफिसातल्या मुलीचं नुकतंच बी.कॉम. झालेलं, घरी वडिलांचा ट्रॅक्टर. तिनं संगणक सुरूच केला नाही. पिशवीतले स्टँपपेपर, चेक, आधारच्या झेरॉक्स, घामानं मऊ पडलेली खिशातली डायरी असं सगळं तिनं टेबलावर मांडलं आणि तारखेनुसार लावायला घेतलं.

“मामा, हे पैसे एकदम दिले का?”

“न्हाई, जसं मागंल तसं.”

पाच हप्ते निघाले. करार चौदा कोयत्यांचा. तिसऱ्या हप्त्यापर्यंत चार लाख गेले होते आणि त्याच सुमाराला डायरीच्या कोपऱ्यात मालकांनी स्वतःच लिहून ठेवलं होतं, ‘मुकादम म्हंतोय आठच भरतील.’ त्यानंतरही दीड-दीड लाखाचे दोन हप्ते गेले. मुलीनं त्या ओळीवर बोट ठेवलं. मामा बराच वेळ डायरीकडं बघत राहिले. मग म्हणाले, “म्हंजे तीन लाख तरी हातात ऱ्हात होतं.”

सात लाख ही त्यांच्या लेखी नशिबाची गोष्ट होती. त्यातले तीन लाख आता हिशेबाची गोष्ट झाले. नवी बाजारपेठ तयार होते म्हणजे काय, हे मला त्या टेबलावर दिसलं. धंद्याच्या पुस्तकांत याला ‘कॅटेगरी’ उभी करणं म्हणतात. गिऱ्हाईक जे नुकसान गृहीत धरून चालतं, ते टाळता येतं हे त्याला आधी दिसावं लागतं. मग ते माल शोधायला लागतं.

सुरुवातीला ही पोरं ‘ट्रान्सपोर्ट सॉफ्टवेअर’ म्हणून माल दाखवत होती. गिऱ्हाईक म्हणायचं, “आमच्या सीएकडं टॅली आहे की,” आणि भाव टॅलीशी लावायचं. एकदा तुम्ही जुन्या कप्प्यात बसलात की दरही त्या कप्प्याचाच मिळतो. मग त्यांनी बिलं, डिझेल, जीएसटी हे सगळं मागं ठेवलं आणि फक्त उचल पुढं आणली. आता तुलना होते ती बुडालेल्या पैशाशी.

हा धडा या भागाला नवा नाही. १९९८ साली वारणा परिसरातल्या ७० गावांसाठी ‘वायर्ड व्हिलेज’ प्रकल्प सुरू झाला. बाजारभाव, शेतीसल्ला, सरकारी कागदपत्रं असं पुष्कळ काही संगणकावर मिळेल अशी कल्पना होती. पुढं मायक्रोसॉफ्ट रिसर्चच्या अभ्यासकांनी पाहणी केली, तेव्हा संगणक मुख्यतः उसाच्याच कामाला वापरला जात असल्याचं दिसलं. तेवढंच काम त्यांनी मोबाइलच्या एसएमएसवर करून पाहिलं आणि ते चाललं. रहिमतपूरच्या कैलास काटकरांचंही तसंच. पुण्यात कॅल्क्युलेटर आणि संगणक दुरुस्त करताना व्हायरसनं बिघडलेली यंत्रं पुन्हा पुन्हा समोर यायला लागली. भाऊ संजय यांनी त्यावर प्रोग्रॅम लिहिला आणि त्यातून क्विक हील उभं राहिलं. लोक सॉफ्टवेअरला पैसे मोजायला तयार नव्हते, त्या काळातली ही गोष्ट.

म्हणून त्या ऑफिसातल्या कोड लिहिणाऱ्यांपेक्षा मला ती मुलगीच पुन्हा पुन्हा आठवते. तिच्या टेबलावर आलेली प्रत्येक पिशवी वेगळी असते आणि त्या पिशव्यांतूनच प्रोग्रॅममध्ये काय हवं ते ठरतं. हप्ता देण्याआधी ‘आज कोयते किती?’ हा प्रश्न मोबाइलवर आपोआप येतो, तो तिच्या आग्रहानं घातलेला.

पण या हिशेबाला दुसरी बाजू आहे, आणि ती मला महत्त्वाची वाटते. उचल घेतलेला मुकादम प्रोग्रॅमच्या पडद्यावर दिसतो. त्याच्यामागचं, पहाटेच्या थंडीत फडात उतरणारं जोडपं दिसत नाही. त्यांच्या नावावर किती उचल आहे, किती टन तोड झाली, किती फिटली, हे त्यांना मुकादमच सांगतो. सात लाख बुडाले ते मालकाचे; पण कोयत्याच्या अंगावर उरलेली बाकी पुढच्या हंगामापर्यंत त्याच्या मागं लागते, तिचा कागद कुणाच्याच पिशवीत नसतो.

मी हे विचारलं तेव्हा ती मुलगी म्हणाली, “ते करायला पायजे. पण त्याचे पैसे कोण देणार?” प्रश्न खरा आहे. उत्तर कारखान्यांनी द्यावं. करार त्यांच्या नावावर होतो, वजनकाट्याची पावती त्यांच्याकडं असते, टनाचा आकडा त्यांच्याइतका नेमका कुणाजवळच नाही. प्रत्येक कोयत्याला त्याचा हिशेब दर पंधरवड्याला मराठीतून मोबाइलवर मिळाला पाहिजे, आणि हे तोडणी-वाहतुकीच्या करारातच लिहिलं गेलं पाहिजे.