न्यूटनचें दप्तर

थोर पुरुषाचें चरित्र त्याच्या कृतींवरून लिहिलें जातें हें खरें. परंतु त्यांपैकीं कोणत्या कृती जगापुढें याव्या, याचा निर्णय पुष्कळदां त्याचे वारसच करितात. जुन्या दप्तरांशीं ज्यांचा नित्य संबंध येतो त्या वाचकांस हें सांगावयास नको. सर आयझॅक न्यूटन या जगद्विख्यात पदार्थविज्ञानवेत्त्याच्या कागदपत्रांची हकीकत या दृष्टीनें बोधप्रद असल्यामुळें ती येथें संक्षेपानें देत आहें.

न्यूटनचा जन्म इंग्लंडांतील वूल्सथॉर्प या खेड्यांत, तेथील जुन्या पंचांगाप्रमाणें, २५ डिसेंबर १६४२ रोजीं झाला. केंब्रिज येथें शिकून इ. स. १६६९ त तो तेथेंच गणिताचा प्राध्यापक झाला. इ. स. १६८७ त त्याचा ‘प्रिन्सिपिया’ हा लॅटिन ग्रंथ निघाला. फळ भूमीवर पडतें आणि चंद्र पृथ्वीभोंवतीं फिरतो, या दोहोंच्या मुळाशीं एकच गुरुत्वाकर्षण आहे, हें त्यांत गणितानें दाखविलें आहे. प्रकाशावरील ‘ऑप्टिक्स’ इ. स. १७०४ त प्रसिद्ध झाला. एवढें चरित्र सर्वश्रुत आहे.

मार्च १७२७ मध्यें न्यूटन मृत्युपत्र न करितां वारला. तो अविवाहित होता. त्याचे कागद सावत्र बहिणीच्या मुलीचा पति जॉन काँड्युइट याच्या हातीं आले. छापण्याजोगें काय आहे हें पाहण्यासाठीं टॉमस पेलेट नांवाच्या वैद्यानें ते चाळिले, आणि अनेक गठ्ठ्यांवर ‘छापण्यास अयोग्य’ असा शेरा मारिला. पुढें काँड्युइटच्या मुलीच्या विवाहसंबंधानें हें दप्तर पोर्ट्समथच्या अर्लांच्या घराण्यांत गेलें. इ. स. १८७२ त तें केंब्रिज विद्यापीठाकडे आलें. विद्यापीठानें गणित व पदार्थविज्ञान यांचे कागद ठेविले. किमया व धर्मशास्त्र यांचे बहुतेक कागद परत केले. याची यादी इ. स. १८८८ त छापली गेली. परत गेलेल्या कागदांचा १३ व १४ जुलै १९३६ रोजीं लंडन येथें सॉदबी यांच्याकडे लिलाव झाला. एकंदर ३२९ गठ्ठे नऊ हजार पौंडांहून किंचित् अधिक किंमतीस विकले जाऊन चोहोंकडे पांगले.

अर्थशास्त्रज्ञ जॉन मेनार्ड केन्स यानें लिलावांत व नंतर व्यापाऱ्यांकडून किमयेचे पुष्कळ कागद मिळविले. ते त्याच्या मृत्यूनंतर, इ. स. १९४६ त, केंब्रिजच्या किंग्ज कॉलेजास मिळाले. धर्मविषयक कागद प्राच्यविद्यापंडित अब्राहम याहुदा यानें जमविले. ते आतां जेरुसलेमच्या राष्ट्रीय ग्रंथालयांत आहेत. केन्सनें तर असें प्रतिपादिलें कीं, न्यूटन हा नव्या बुद्धिवादाचा आरंभ नसून प्राचीन गूढविद्येच्या परंपरेचा शेवट होय. हें मतही त्याच्या हातीं आलेल्या गठ्ठ्यांवरूनच बनलें होतें. ज्याच्यापाशीं जो गठ्ठा, त्यास तसा न्यूटन दिसला!

वस्तुतः हे विषय एकमेकांपासून तोडतां येत नाहींत. इ. स. १६९० त न्यूटननें जॉन लॉक यास एक दीर्घ लेख पाठविला. त्रैक्याच्या सिद्धांतास आधार म्हणून दाखविलें जाणारें बायबलांतील एक वाक्य जुन्या ग्रीक प्रतींत नाहीं, तें मागाहून घुसडलें गेलें, असें त्यानें प्रतींची व जुन्या टीकाकारांची तुलना करून दाखविलें. आपण ज्यास प्रक्षेप म्हणतों त्याचाच हा शोध होय. प्रयोगांत जी कसोशी, तीच येथेंही दिसते. परंतु हा लेख त्याच्या हयातींत छापला गेला नाहीं, तो इ. स. १७५४ त बाहेर आला. कारण उघड आहे. त्याच्या जागीं आलेला प्राध्यापक विल्यम व्हिस्टन यास अशाच मतांबद्दल इ. स. १७१० त विद्यापीठांतून काढून टाकण्यांत आलें.

दुसरें उदाहरण एका वहीचें. न्यूटनचा सावत्र बाप पाद्री होता. त्याची धर्मविषयक टिपणांची मोठी, परंतु बहुतांशीं कोरी वही न्यूटनकडे आली, आणि तिच्या कोऱ्या पानांवर त्यानें गणिताचे व गतिशास्त्राचे आरंभींचे विचार लिहिले. पाद्र्याचीं टिपणें पाहूनच कोणी ती बाजूस सारिली असती तर केवढी हानि झाली असती!

न्यूटन आपल्या टिपणांवर क्वचितच तारीख घालीत असे. म्हणून त्यांचा काळ हस्ताक्षराच्या वळणावरून व कागदांतील जलचिन्हांवरून ठरवावा लागतो. एका जातीचा कागद गणिताच्या व किमयेच्या अशा दोन्ही गठ्ठ्यांत सांपडला, तर एकाचा काळ दुसऱ्यास लावण्याचा मार्ग मिळतो. गठ्ठे फुटले कीं हा पुरावा दुबळा होतो. इ. स. १९९८ पासून इंग्लंडांतील विद्वान् हे विखुरलेले लेख संगणकाच्या साह्यानें पुनः एकत्र आणीत आहेत. पण मूळ बांधणी व क्रम आतां पूर्णपणें परत मिळणें नाहीं.

आपल्याकडेही रुमाल सोडून त्यांतील ‘महत्त्वाचे’ कागद तेवढे निवडून घेण्याची चाल आहे. निवड अवश्य करावी. पण रुमाल सोडण्यापूर्वीं कागदांचा क्रम टिपून ठेवावा, आणि अयोग्य वाटलेला कागदही त्याच रुमालांत परत बांधावा. पेलेटनें ज्यांवर शेरा मारिला त्यांचें मोल कळण्यास दोनशें वर्षें लागलीं. तोंपर्यंत निदान ते जाळले गेले नाहींत, हेंच भाग्य.