चाक आणि जाते

मागच्या वर्षी आमच्या शाळेतील शास्त्राचे शिक्षक रजेवर असताना सातवीचा तास घेण्याचा योग मला आला. वास्तविक माझा विषय मराठी. तथापि धडा साध्या यंत्रांचा होता, आणि चाकाविषयी चार शब्द बोलावयास शास्त्राची पदवी लागत नाही, अशा समजुतीने मी फळ्यावर एक वर्तुळ काढले. तोच मागल्या बाकावरील एका मुलीने विचारले, "सर, चाक कुणी शोधून काढलं?"

प्रश्न साधा, पण उत्तर साधे नाही. चाकाच्या जनकाचे नाव कोणत्याही पोथीत नाही. स्लोव्हेनिया देशात ल्युब्लियाना शहराजवळच्या दलदलीत २००२ साली एक लाकडी चाक सापडले. ते पाच हजार वर्षांहून जुने असून त्याचा व्यास सुमारे ७२ सेंटिमीटर आहे. चाकाचे लाकूड एका झाडाचे, आसाचे दुसऱ्या झाडाचे. म्हणजे लाकडाच्या निवडीचा विचार त्या अनामिक सुताराने तेव्हाच केला होता. आपल्याकडे, प्रवरेच्या काठी दायमाबाद येथे (आजचा अहिल्यानगर जिल्हा) १९७४ साली जमीन खणताना चार कांस्यशिल्पे निघाली. त्यांत दोन बैल जोडलेला एक रथ असून तो हाकणारा पुरुष उभा आहे. बरोबरच्या गेंड्यालाही चाके आहेत आणि रेड्यालाही! साठ किलोंहून अधिक वजनाचे हे वैभव घडविणाऱ्या कारागिराने डोळ्यांसमोरचे चाक खेळण्यापर्यंत नेले होते.

याच्या उलट उदाहरण मेक्सिकोचे. युरोपीय लोक तेथे पोहोचण्याच्या कितीतरी आधी त्या प्रदेशात मातीची चाके लावलेली प्राण्यांची चित्रे घडविली जात. कल्पना होती, हातांत कसब होते. पण गाडा मात्र तेथे झाला नाही. ओढावयास बैल नाही, घोडा नाही. मग गाडा करावा कोणी आणि कशासाठी? शोध नुसत्या बुद्धीतून जन्मत नाही, त्याला परिस्थितीचे पाठबळ लागते, ही गोष्ट त्या चिमुकल्या खेळण्यांवरून मनावर ठसते.

चाकाची खरी करामत त्याच्या गोलपणात नसून आसात आहे, हे मी मुलांना हिशेबाने दाखविले. समजा, बैलगाडीच्या चाकाचा व्यास १५० सेंटिमीटर आणि आसाचा ५ सेंटिमीटर आहे. चाकाचा एक फेरा झाला की गाडी ४७१ सेंटिमीटर पुढे जाते. पण तुंब्याच्या आत घासणे होते ते अवघे पावणेसोळा सेंटिमीटर. ओझे जमिनीवरून ओढीत नेले असते तर साऱ्या अंतरभर घर्षण सोसावे लागले असते. चाकाने ते उचलून तुंब्याच्या आत कोंडले, तीसपटीने आखूड केले, आणि तेथे वंगण घालण्याची सोयही करून दिली. बैलांचे कष्ट हलके झाले ते या युक्तीने.

माझ्या लहानपणी आमच्या गावी सुताराच्या दारात चाकाला धाव चढविण्याचा सोहळा पाहावयास आम्ही पोरे जमत असू. लोखंडी धाव चाकापेक्षा किंचित आखूड केलेली असे. गोवऱ्यांच्या आगीत ती लाल झाली, प्रसरण पावली, की दोघे-तिघे ती सांडशीने उचलून लाकडावर बसवीत आणि लगेच पाणी ओतीत. वाफेचा लोट उठे, धाव आकसे, आणि आरे, तुंबा, घेर सारे एकजीव होत. अशा गाड्यांनी शेकडो वर्षे रस्त्यांत जे चर पाडले त्यांना आपण चाकोरी म्हणतो. पुढे तोच शब्द आयुष्यालाही लागू झाला. चाकोरी सोडावयास चाक मजबूत असावे लागते. एरवी आस मोडतो.

आमच्या बेळगावच्या माणसाला सायकलीचा उल्लेख केल्यावाचून चाकाचे पुराण संपविता येत नाही. १८८८ साली बेलफास्टच्या डनलॉपने आपल्या मुलाच्या तिचाकीसाठी तयार केलेल्या हवा भरलेल्या धावेचे पेटंट घेतले. आणि किर्लोस्करांच्या उद्योगाचा आरंभही १८८८ चाच, तोही बेळगावातील सायकलींच्या दुकानापासून. नांगर आणि पंप मागाहून आले. बैलगाडीच्या चाकातील आरा दाब सोसतो. सायकलीची तार दाबाने वाकेल, पण ताणाला जुमानत नाही. ताणलेल्या बारीक तारांवर माणसाचे ओझे तोलता येते, हा शोध मला चाकाच्या शोधाइतकाच अद्भुत वाटतो.

येथवर माझे व्याख्यान सुरळीत चालले होते. मग ओघात मी जात्याकडे वळलो, आणि माझाच आवाज मला परका वाटू लागला.

जाते हेही चाकच. वरची तळी मधल्या खिळ्याभोवती फिरते, घासातला दाणा भरडला जातो, पीठ कडेने झरते. फरक एवढाच की, गाडीचे चाक फिरते आणि पुढे जाते. जात्याचे चाक फिरते आणि जागच्या जागी राहते. आमच्या घरी पहाटे ते जाते आई आणि ताई फिरवीत. ताई माझ्याहून दोन वर्षांनी मोठी. सातवीत तिचा वर्गात पहिला क्रमांक आला होता. हायस्कूल मात्र सात किलोमीटरांवर, आणि एस.टी. दिवसातून दोन वेळा, त्याही अवेळी. ताई घरी राहिली. दोन वर्षांनी मी सातवी झालो, तेव्हा वडिलांनी जुनी सायकल विकत आणली. ती माझ्यासाठी.

ताई ती सायकल संध्याकाळी खळ्यात चालवावयास शिकली. दांड्याखालून पाय घालून, तिवड्याभोवती, गोल गोल. खळ्याबाहेर तिने ती कधी नेली नाही. एके दिवशी वडिलांनी पाहिले. ते रागावले नाहीत. "आता लग्नाचं बघायला पायजे, पोरी," एवढेच म्हणाले. वडील दुष्ट नव्हते. चाकोरीतून चालणारे होते. मी त्या सायकलीवरून हायस्कूल गाठले, पुढे एम. ए. झालो, मुख्याध्यापक झालो. ज्या पिठाच्या भाकरी डब्यात नेल्या, ते पीठ कोणाच्या हातांनी पडले याचा विचार करावयास मला पन्नाशी यावी लागली.

भास्कराचार्यांनी ११५० मधील 'सिद्धांतशिरोमणी'त एका स्वयंवह चक्राचे वर्णन केले आहे. पोकळ आऱ्यांत पारा अर्धवट भरावा, म्हणजे चक्र आपोआप फिरत राहील, अशी ती कल्पना. कल्पना सुंदर, पण निसर्गाला ती मान्य नाही. पारा एका बाजूने खाली उतरताना जे देतो, ते दुसऱ्या बाजूने वर चढताना परत घेतो; उरलेसुरले घर्षणात जाते. आपोआप फिरणारे चाक जगात नाही. कोणीतरी हात लावलेला असतोच. तो हात दिसत नाही म्हणून चाक आपोआप फिरते असे आपणांस वाटते, इतकेच.

बिहार राज्याने २००६ साली नववीत जाणाऱ्या मुलींना सायकली देण्यास प्रारंभ केला. अभ्यासकांनी तपासले तेव्हा माध्यमिक शाळेत दाखल होणाऱ्या मुलींचे प्रमाण सुमारे ३० टक्क्यांनी वाढल्याचे दिसून आले. आणि जेथे शाळा दूर, तेथे लाभ अधिक. आमच्या कर्नाटकातही २००६-०७ पासून आठवीच्या विद्यार्थ्यांना सायकली मिळू लागल्या. पुढे त्यात खंड पडला. वर्गात प्रश्न विचारणारी ती मुलगी अशाच एका वाडीवरची. हायस्कूल तिच्या घरापासून सहा किलोमीटर. परीक्षेनंतर तिचे नाव पुढे घालावयाचे नाही असे घरात चालले आहे, हे कानी आले तेव्हा मी तिच्या वडिलांकडे गेलो. शिक्षणाचे महत्त्व वगैरे सांगितले नाही. ते त्यांना ठाऊक होते. माझ्या ताईची हकीगत सांगितली. त्यांनी ऐकून घेतली. बराच वेळ गप्प राहून म्हणाले, "सर, वाट लांब हाय हो." मी म्हणालो, "वाटेचं मी बघतो."

माझ्या घराच्या माडीवर मुलाची जुनी सायकल धूळ खात पडली होती. ती उतरवून दुरुस्तीला दिली. त्या रात्री ताईचा फोन आला. तिला आता नातवंडे आहेत, आणि सासरच्या जात्यावर तुळशीची कुंडी आहे. मी सारे सांगितले. ती थोडा वेळ काही बोलली नाही.

वाचकहो, आपल्या घराच्या कोपऱ्यात अशी एखादी सायकल असेल, तर शेजारच्या सरकारी शाळेत एकदा विचारून पाहावे, एवढीच विनंती. जूनमध्ये त्या मुलीचे नाव आठवीच्या पटावर चढले. सायकलीला ट्यूब मात्र नवी आहे. ती ताईच्या पैशांची. फोनवर शेवटी ती म्हणाली होती, "बाळू, जुन्या ट्यूबला ठिगळं लावत बसू नको. पोरीला वाटेत थांबावं लागता कामा नये."